छताकडं तोंड

खडेबाजारात, जिन्याखालच्या दुकानात
बसवण्णी हुक्केरीनं काचेवर तीन फ्लॅश मांडले.
माझा कॅमेरा मुठीएवढा, रोलवाला,
कडोलीच्या तुकाप्पा मास्तरांकडून आलेला.

पहिला चढवला. कॅमेरा मागं कलंडला,
बापाचं मुंडासं घातलेल्या पोरागत.
दुसऱ्याच्या पोटात जुने सेल पाझरून
हिरवट बुरशी.
"घासलं की चालतंय बघा."
मी घासलं नाही, त्यानंही रेटलं नाही.

तिसरा काडेपेटीहून थोडा मोठा.
बटण सरकवलं तशी बारीक शीळ
चढत चालली. तो मोजायला लागला:
ओंदु, एरडु, मूरु...
मी मनातल्या मनात, एक, दोन.
लाल दिवा लागला तेव्हा तो ओंबत्तुवर,
मी अकरावर. घाई माझीच.

"फोटो कशाचा काढताय?"

वडगावातल्या मागाचा, म्हटलं. रात्रीचा.
चंपाक्का विणत असते, वर एकच ट्यूब,
आणि समोरून उजेड पडला की डोळे मिटते.
आजवरच्या सगळ्या फोटोंत
ती मागावर झोपलीय.

त्यानं तिसऱ्याचं डोकं धरून वर वळवलं,
छताकडं. उडवला.
खोकी, लोंबत्या वायरी, त्याच्या कपाळावरची विभूती,
सगळं हळू, अंगावर न येता दिसलं.

"अक्काच्या घरचं छत पांढरं हाय काय?"

आठवेना.
तीस वर्षं जातोय त्या घरात.
माग बघितला, लुगड्याचे काठ बघितले,
तिची बोटं बघितली.

अर्धे पैसे ठेवले,
फ्लॅश तिथंच राहू दिला,
आणि वडगावची बस धरली,
वर बघायला.