दोन्ही नावांची व्यक्ती एकच

कागदांची यादी तिसऱ्यांदा बदलली.
आता बँकेतला फालक म्हणतो,
घर बाईच्या नावावर असेल तरच अनुदान बसतं,
तुमचं नाव लागेल, ताई.
मी चटईच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आलेली,
बोटांवर अजून धाग्याचे वळ.
यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

नाव आहे की. दोन आहेत.

एरंडोलच्या शाळेचा दाखला म्हणतो द्वारका,
आधार म्हणतं दीपाली.
'नाव बदलल्याचा पुरावा?'
पुरावा तांदळात होता, साहेब.
ताटभर तांदळात अंगठीने लिहिलेलं,
दुसरी वेलांटी ताटाच्या काठाला धडकलेली,
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या
आणि सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याचीच खिचडी टाकली.
मीही खाल्ली. चवीला बरी होती.

मग जळगावचं कोर्ट, लिंबाखाली टायपिंगवाले बडगुजर.
डोक्यावर ओला रुमाल, समोर पाचशेचा स्टॅम्प.
'द्वारका आणि दीपाली
या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. बरोबर?'
अंजनीच्या पुरात पोहायची ती द्वारका.
दीपालीला पोहता येतं का,
बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
मी म्हटलं, बरोबर. लिहा.

पुढचं कलम त्यांनी न विचारताच टाकलं:
माझ्या वा माझ्या कुटुंबीयांच्या नावे
भारतात कोठेही पक्के घर नाही.
कोठेही!
आम्ही तर भुसावळच्या पुढे गेलो नाही कधी,
आणि आमचं नसणं
पार काश्मीरपर्यंत पोचलेलं,
त्यावर आता गोल शिक्का बसणार.

सही करा, इथे.
आई म्हणायची, सही शिक व माय,
आंगठा काय कोनी बी देस.
पगाराच्या वहीत इतकी वर्षं दीपालीच लिहिते मी,
पण त्या दिवशी हात गेला तो गेलाच.
द्वारका. 'द्वा' मोठा, सातवीतल्यासारखा,
खाली रेघसुद्धा ओढली.

बडगुजर चष्मा काढून हसले. 'गेले पाचशे.'
हे काही बोलले नाहीत, पाकीट काढलं.
दुसरा कागद नीट झाला.

फाइल आत आहे म्हणतात.
काल फालकचा फोन आला होता,
लाइटबिलावर घरमालकाचं आडनाव चुकलंय.

रद्द झालेला स्टॅम्प मी फेकला नाही.
पिंप्राळ्याच्या भाड्याच्या खोलीत
कळण्याच्या पिठाच्या डब्याखाली घातलाय,
पीठ सांडतं म्हणून.
डबा उचलला की दिसतं, द्वारकाच्या नावे
भारतात कोठेही घर नाही,
आणि खाली तिची सही.
तिने हे एवढंच लिहून दिलंय आजवर.