दोन पट्ट्या बंद

लोंढ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधून
लिलावात अकराशे रुपयांना सुटला हा पियानो.
टेम्पोत चढवताना सहा हमाल आणि एक शिवी लागली,
खानापुरात उतरवताना नुसत्याच शिव्या.
झाकणावर अजून ग्लासांचे गोल डाग आहेत,
कुणाकुणाच्या नाचाच्या रात्रींचे.

मी कौलांच्या कारखान्यात हिशेब लिहायचो.
हाताला पेटीची सवय, कानाला भैरवाची.
मागच्या गल्लीतल्या कनकवल्ली टीचर
(नवरा लोंढ्याला, सिग्नलमध्ये)
एकदा चुकून त्यांच्याकडे पडलेलं माझं पत्र द्यायला आल्या
आणि एक चप्पल काढून, एक तशीच पायात,
दारात ऐकत राहिल्या.
"मायामाळवगौळ," म्हणाल्या.
"भैरव," मी.
त्यांच्याकडे तो पहिलीचा धडा,
आमच्याकडे पहाटेचा देव.
पट्ट्या मात्र त्याच सात.

"हा सूर नुसता उभाय. निल्लबारदु.
हलवा की हो जरा."
कसा हलवणार? आत हातोडी आहे, लोकर लावलेली,
तारेवर एकदा आपटते आणि मागे सरते,
शिक्का मारून मोकळ्या होणाऱ्या माझ्यासारखी.

चार पावसाळे गेले शोधण्यात.
कोमल रेची पट्टी काळी, साची पांढरी:
काळीवरून पांढरीवर बोट घसरतं
ओल्या कौलावरून मांजर घसरावं तसं.
धैवतावरून पंचमावरही.
खालून वर नाही. वर जायचं तर उडी.
ग आणि म शेजारी, मध्ये काळी नाही,
तिथं दोन बोटं इतकी भराभर
की कानानं आपण होऊन फसावं.
पेडल अर्धंच. पूर्ण दाबलं की चिखल.
"स्वल्प बंतु," टीचर म्हणायच्या. थोडं आलं.
याहून जास्त मार्क कधी दिले नाहीत.

एक राग, दोन नावं, अगदी आपल्या सीमाभागासारखं,
असं स्टेशनमास्तरच्या पोरानं निबंधात लिहून
बक्षीस मिळवलं.
मिळवू दे.
आमचा रिषभ सावकाश झुलतो,
त्यांचा अंगात आल्यासारखा.
एक नव्हेतच ते.

पुढं हुबळीला बदली झाली.
जाताना टीचर पियानोला नमस्कार करून गेल्या,
मला नाही.

यंदा लाकूड फार फुगलं.
नीची पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही.
चमच्याच्या दांड्यानं उचलून पाहिली, मग सोडून दिली.
परवा मध्यमही बसला.
आज लाइट गेलेली. मिरजेची गाडी जाऊन झालेली.
उरलेल्या पट्ट्यांवर उगाच बोटं फिरवत होतो,
सा रे ग प ध,
आणि हात थबकला.
हा तर विभास.
मी न मागता, ओल्या लाकडानं काढून दिलेला.
टीचर म्हणाल्या असत्या रेवगुप्ति,
आणि मग तासभर आमचं...

संध्याकाळचे सात.
पहाटेचा राग, अंधार, डास.
काळीवरून पांढरीवर
एकदा घसरलो. पुन्हा घसरलो.

सुतार उद्या येतो म्हणालाय.
परवा ये म्हणून सांगावं.