सतरा मिनिटं

महाप्याला चौथ्या मजल्यावर भिंतभर तक्ता आहे.
एक हजार चारशे बारा ओळी,
ओळीगणिक मालक, तारीख, रंग,
आणि बाण असे एकमेकांत गुंतलेले
की चहा घेऊन येणारा पोऱ्या विचारतो,
मॅडम, हा शिळफाट्याचा नवीन पूल का?
मी तो सांभाळते. म्हणजे
कोण कोणासाठी खोळंबलंय
एवढंच विचारत फिरते दिवसभर.

आठशे सहाव्या ओळीला मालक नव्हता.
'रात्री १:१० – थांबा, १७ मिनिटं.'
का, ते कुठेच नाही.
इरफान म्हणाला, वैतीकाकांना ठाऊक असेल.
ते रिटायर होऊन नऊ वर्षं झाली.

खारेगावात घर. ओट्यावर बसून
स्कूटरचा कार्ब्युरेटर घासत होते.
"सतरा? अगं, रबाळ्याचा जुना जनरेटर तो!
तापायला पंधरा लागायची त्याला.
वरची दोन माझ्या भीतीची."

जनरेटर भंगारात जाऊन सात वर्षं झाली.
म्हणजे रोज रात्री
तेवीस दवाखान्यांच्या औषधांचा हिशेब
नसलेल्या यंत्राच्या दारात
ताटकळत उभा राहायचा.

हसलो आम्ही. ओळ काढली.
सोमवारच्या मीटिंगला एक हिरवी स्लाइड झाली.

पनवेलच्या गोदामाची फाइल
एक चोवीसला येते, हे तक्त्यात नव्हतं.
तिला कोणी वेळ दिली नव्हती,
तिला नुसती सवय होती
की पुढे कोणीतरी थांबलेलं असतं.
दोन रात्री आम्ही कालचीच फाइल वाचली
आणि कोणाला कळलं नाही.
तिसऱ्या रात्री बेरीज जुळेना,
भिंत लाल,
आणि माझा फोन गादीवर मासळीसारखा तडफडत.

पहाटे चारला ओळ परत घातली.
मालक: मी.
श्रीनिधीने विचारलं, कारण काय टाकू?
जनरेटर लिही, म्हटलं. खोडू नकोस त्याला.
खाली पनवेल लिही.
आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोड,
अजून कोण टेकलंय या थांबण्याला
ते आपल्याला माहीत नाही.

खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर
अजून नीट दिसत नव्हता.

सातला काकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं,
मग एवढंच विचारलं:
"माझी दोन ठेवलीस ना?"