बिजागरी

गायवाडीत तिसऱ्या माळ्यावर आमची कवळ्यांची लॅब.
माप डॉक्टर घेतात, नाव त्यांचं होतं.
दात आम्ही लावतो.
बत्तीस नाही, अठ्ठावीस.
अक्कलदाढा कवळीत नसतात, असं पेडणेकर सर
नव्या पोराला सांगतात
आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघतात.

तिथे, स्पिरिटच्या दिव्यापासून हातभर लांब,
माझा फोन मिटून पडलेला असतो.
राखाडी, पत्र्याचा,
दोन मारी बिस्किटं एकावर एक ठेवावीत
एवढाच जाड.
मनीष मार्केटमधून सेकंडहँड घेतला, अठराशेला,
चार्जरसकट, बिलाशिवाय.
मिटलेला असताना बाहेरच्या नखाएवढ्या काचेवर
वेळ दिसते, आणि फोन कुणाचा ते.
नाव लांब असलं तर अर्धंच:
'डॉ. खांडेपा'.
बाई चिडल्यात हे त्यावरून कळत नाही.

हात प्लास्टरने माखलेले.
अंगठ्याचं नख फटीत घालायचं, उघडायचा, कानाशी.
'हो मॅडम. उंच लागतंय? घासून देतो मॅडम.'
मग हनुवटीनेच मिटायचा.
टक्.
हा आवाज मला आवडतो, खोटं कशाला बोलू.
वरचा जबडा खालच्यावर नेमका बसला
की असाच येतो,
आणि सर मान वर न करता म्हणतात, 'बसली.'
जोरात मिटला तर बाईंना तिकडे ऐकू जात नाही.
मला येतो. तेवढं पुरतं.

बटणं सपाट, एकाच पत्र्यातून कापलेली.
पाचावर तेवढं एक टिंब.
अंगठा आधी ते शोधतो, मग बाकीचे आकडे
आपोआप आपल्या जागी येतात.
बहिणीचा नंबर मला तोंडपाठ नाही.
अंगठ्याला आहे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी स्क्रीन गेली.

लॅमिंग्टन रोडच्या इरफानने डोळ्याला भिंग लावलं.
'पट्टी गेली. बिजागरीतून जाते ना, ती.'
मलाही दाखवली. कांद्याचा पापुद्रा, मधोमध चीर.
'दिवसातनं किती वेळा उघडता?'
मी मोजायला लागलो.
'राहू द्या,' म्हणाला. 'ही पट्टी आता येत नाही.
नवीन घ्या, बोटाने सरकवायचा.'
सरकवायचा?
माझ्या बोटांना मेण.

काळ्या काचेचा फोनही चालतो, हे मला नवीन होतं.
वाजतो. बोलता येतं.
समोरचा 'हॅलो' म्हणेपर्यंत तो कोणीही असू शकतो,
म्हणून सगळ्यांशीच मी नीट बोलायला लागलो,
खांडेपारकरबाईंशीसुद्धा.
फक्त मेसेज आला की दोनदा टुंग व्हायचं
आणि पुढे काही नाही.
दाराखालून पत्र आत यावं
आणि दिवे गेलेले असावेत.

त्याच आठवड्यात मी आईची कवळी केली होती.
सरांनी पैसे घेतले नाहीत.
तिचा जुना फोटो दिव्याजवळ धरून बराच वेळ बघितला.
'पुढचे दोन जरासे वाकडे लाव,' म्हणाले.
'सरळ लावलेस तर आरशात तिला परकी बाई दिसेल.'
कवळी प्रणिता घेऊन गेली, कन्नमवार नगरला.
मग दोनदा टुंग. मग पुन्हा.

दुपारी डबा खाताना चाळा म्हणून
फोन हळूहळू उघडत होतो,
नवीन पेशंटचा जबडा उघडावा तसा, घाई न करता.
पुरता उघडला, काळा. मिटला, काळा.
मध्येच कुठेतरी, दोन बोटं फट असताना,
उजेड.

श्वास धरला. अंगठा दबकत नेला.
बहिणीने इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी,
प्रत्येक अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबून:
'आईने चिक्की मागितली. मी नको म्हटलं.
तिने खाल्ली.'
त्याखालचा:
'शेजारच्यांना दात काढून दाखवतेय. ये लवकर.'

मिटला नाही.
तसाच धरून बसलो, दोन बोटं उघडा.
भाजी गार झाली.
सर म्हणाले, 'हात दुखेल रे.'