दारव्ह्याच्या अलीकडे

कापणीच्या उपासनेला निघालो होतो:
दोन कोहळी, पायलीभर ज्वारी,
सालोमीनं कागदात गुंडाळलेला केक,
माझ्या मांडीवर पेटी,
तिचा एक सूर आधीपासून मुका.

रोही तुरीतून निघाला.
ऑटोवाल्यानं ब्रेक दाबला एवढं कळलं,
मग आभाळ डाव्या हाताला आलं.

तांड्यावरची माणसं धावली.
एकीनं आरशांचा काठ सोडून ओढणी फाडली,
शांतवनचा हात बांधला.
"काहून रडतं बाबू, हाड हाय, जुडते."
तिची पोरं फुफाट्यातून
ज्वारीचा दाणा न् दाणा वेचत होती,
जणू त्यांच्याच घरची सांडली.

दहा वाजले.
तिकडे पाळकांनी पहिलं गीत
पेटीवाचूनच धरलं असेल.
इकडे बाजेवर काळा चहा,
आणि चेपलेला केक.
मी तोंडं मोजली, एकोणीस.
पुरला.
चमत्कार वगैरे नाही,
सालोमी केक नेहमीच मोठा करते.

ती डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, तुझे आभार."
मी आमेन म्हटलं.
आम्ही जिवंत होतो,
सोपंच होतं म्हणणं.

रस्त्याच्या कडेला रोही
अजून पाय झाडत होता.
एक म्हातारा उकिडवा बसून
त्याच्या तोंडाशी गडू नेत होता,
पाणी सगळं मातीत जात होतं,
तरी नेत होता.
तिथं माझं आमेन घशातच राहिलं.

एक कोहळं शाबूत निघालं.
निघताना ते त्यांच्या चुलीपाशी ठेवलं.
अर्पण म्हणालो नाही.
नुसतं ठेवलं.