तेलाचा आकडा

सावद्याच्या स्टेशन रोडवर रऊफ मणियारचं गॅरेज
सकाळी सातला उघडतं, शटर अर्धंच.
जानेवारीत सातपुड्यावरून उतरलेला गारठा
त्या अर्ध्यातून आधी आत जाऊन बसतो.

माझी झेन. नव्याण्णव सालची, घेतली तेव्हाच सेकंडहँड.
एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर,
त्यातले निम्मे पालच्या घाटात,
लसींचा डबा मागच्या सीटला ओढणीने बांधून.
आता मी निवृत्त. ती नाही.

पहाटे चावी फिरवली की बोनेटखाली टकटक.
नाडी मोजावी तशी मी मोजते:
एक, दोन, तीन, चार,
पाचव्याला गप्प.
तेवढ्यात तेल कुठेतरी वाटेत असतं
आणि लोखंड लोखंडावर कोरडं घासत असतं.

प्रल्हादभाऊ भंगाळे, केळीच्या वखारीवाले,
तीन ट्रक, एक बुलेट, आणि प्रत्येक विषयावर मत:
"जुन्या इंजिनले जाडंच तेल पाह्यजे, सिस्टर.
झिजलं का फट वाढते, फट वाढली का जाडं भरा.
म्हातारीले तूप चारता का ताक?"
आठ वर्षं मी तूपच चारलं. वीस-पन्नास.
डबा उपडा केला तरी दमून उतरणारं.

रऊफ वाद घालत नाही.
त्याने पत्र्याचा तुकडा जॅकला तिरका टेकवला,
वरच्या कडेला दोन डब्यांतले दोन थेंब ठेवले
आणि म्हणाला, "आता चहा घ्या."
एक थेंब लगेच निघाला.
दुसरा तिथेच,
जणू त्याला अजून कुणी हाकच मारली नाही.
माझा कप रिकामा झाला तेव्हा तो बोटभर सरकला होता.

"फट वाढली हे खरं. पन नळ्या बुजल्या ना.
आतून काजळी धरली. जाडं तेल जाईन कसं?
अन् पोचलंच नही, त फट कोन भरीन?"

यावर मला काही बोलायचं होतं, बोलले नाही.
एकतीस वर्षं मी लोकांच्या हातांत शिरा शोधल्या.
तरण्या गड्याला विसाची सुई, आजीबाईला चोविसाची.
सुईचा आकडा वाढला की सुई बारीक,
तेलाचा आकडा घटला की तेल पातळ;
कुणीतरी एकीकडचा हिशेब उलटा लिहून ठेवलाय.
पण म्हाताऱ्या शिरेत जाड सुई गेली
की शीर फुटते, हात निळा पडतो,
औषध बाहेरच साचून राहतं.
हे मला ट्रेनिंगमध्ये नव्हतं शिकवलं.
गारबर्डीच्या रायलीबाई बारेलाने शिकवलं,
तिसऱ्यांदाही हात मागे न घेता.

"एकदम पाचावर नको," रऊफ म्हणाला,
"दहा-तीस टाकू. उन्हाळ्यात पाहू."
आमचा उन्हाळा म्हणजे सत्तेचाळीस,
स्टिअरिंग धरायला ओला रुमाल लागतो.
तेव्हा मी कदाचित मान खाली घालून परत येईन,
आणि भंगाळे वखारीच्या दारातून बघतील.
ते पुढचं पुढे.

जुनं तेल निघालं. काळं,
परातीत घडीवर घडी घालत.
नवं कधी आत गेलं ते ऐकूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चावी फिरवली.
एक, दोन,
तीन म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

एक आहे, ते ठिबकतं.
जाड तेलाने इतकी वर्षं झाकून धरलेल्या जागा
हे पातळ तेल रोज बोट दाखवून सांगतं.
गाडीखाली मी किडनी ट्रे ठेवते,
टवका उडालेला, सरकारी शिक्क्याचा,
परत करायचा राहून गेलेला.
रात्रीतून चार थेंब. कधी पाच.
वहीत लिहून ठेवते.
रऊफ म्हणतो, महिन्याला पाव लिटर वरून घालत चला.
घालते.