सैल चाकाकडं

उद्यमनगरात, लेथच्या मागं,
शकील शिकलगारनं माझ्या पिकअपचं मागलं धूड जॅकवर घेतलं
आणि म्हणाला, वैनी, हे चाक पुढं फिरवा.
फिरवलं.
पलीकडचं उलटं फिरलं,
आपणहून,
घरात एकाला हाक मारावी आणि दुसऱ्यानं तोंड फिरवावं तसं.

"वळणाला हेच लागतंय," तो हात पुसत बोलला,
"आतलं चाक कमी पळतंय, बाहेरलं जास्त.
भांडण नको म्हणून मधी ही दातरी चाकं.
पण चिखलात हीच दगा देत्यात.
जे घसरालंय, ते फुकट पळतंय.
जे रोवून उभं हाय, त्याला जोर मिळतोय तेवढाच
जेवढा घसरणाऱ्याला पेलतोय."
मी म्हटलं, हे तर आमच्या जावेचं घर झालं.
शकील हसला नाही. ग्रीस शोधत होता.

मानोळीच्या वरचा चढ.
जांभ्याची तांबडी माती, वरून लोणी,
चार बोटं खाली मुरूम.
मुरूम धरून ठेवतो,
पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं?

रविवारी ताराबाई पार्कातनं गाड्या आल्या, झेंडे लावून.
पहिलीचे टायर परातीएवढे रुंद.
लोण्यावर तरंगले.
खाचांत माती बसत गेली, बसत गेली,
वीस हातांवर टायरचा वरवंटा झाला
आणि गाडी आली तशी मागं, शेपूट आडवं करत,
करवंदीच्या जाळीत.
चालवणारा पोरगा उतरून टायरकडं बघत राहिला,
हॉटेलात बिल चुकल्यागत.

दुसरी तातोबा खोताची, लिलावातली जीप.
चाकं अरुंद. सुरीगत चिखल चिरला, मुरमाला लागली,
चढली, आणखी चढली,
आणि जिथं ओहोळानं रस्ता खाल्लाय त्या वळणावर
तिरपी दोन चाकं उचलली गेली.
हवेतली दोन भिंगरीगत,
जमिनीवरची दोन पाहुण्यागत.
तातोबानं इंजिन बंद केलं, तंबाखू मळली.

तिसरी नवी.
जे चाक वायफळ फिरेल त्याला ती स्वतःच ब्रेक लावायची,
टक्, टक्, टक्,
पोटात कुणी सुपारी कातरत बसल्यागत,
की झक मारत जोर दुसऱ्याकडं.
गेली वर.
पोरं म्हणाली, मजा नाही आली.

माझ्या गाडीला हे काहीच नाही.
ओढणारी चाकं दोन, तीही मागली.
लॉक बसवायचा आकडा शकीलनं सांगितला तेव्हा
मी नुसता चहा सांगितला.
पण रोज साडेपाचला मला वर जायचंय,
वाडीत बाळाबाई झोरे चरवी घेऊन उभी असते,
तिच्या म्हशी रविवार पाळत नाहीत.

म्हणून चढाच्या पायथ्याला टायरची हवा काढते,
सतरापर्यंत,
टायर बसतात जरा, पाय पसरून.
दुसरा गिअर. पाय हलका. मधे थांबायचं नाही.
आणि रिकाम्या गाडीचं बूड उडतं म्हणून
गावच्या हापशावर
दुधाचे आठही कॅन पाण्यानं भरते.
वजन चाकावर, चाक मुरमावर.

आख्खं मानोळी हसतं.
"मगदूम वैनी, आधीच पाणी? दूध तर येऊ द्या!"
डेअरीचा सचिव हसत नाही,
माझं दूध तो दोनदा तपासतो.

त्या रविवारी झेंडेवाले बाजूला झाले.
वळणावर डावं चाक सुटलं,
मी हँडब्रेक दोन दात ओढला, शकीलनं शिकवलेला,
गाडी थरथरली, विचारात पडली,
आणि उजव्यानं घेतलं.

वर पोचून कॅन एकेक उपडे केले.
बाळाबाई म्हणाली, "केवढं गं पाणी वाया!"
मी वळून बघितलं.
पाणी वाट हुडकत
त्याच चढावरून खाली निघालं होतं,
उद्याचा चिखल भिजत घालायला.